तळाचा शिक्का काय सांगतो?

प्रश्न : जुन्या टी-सेटच्या तळाशी नुसतं ‘इंग्लंड’ छापलंय. सेट किती जुना असेल?

उत्तर : बहुधा १८९१ नंतरचा. त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. ‘मेड इन इंग्लंड’ असतं, तर मी विसावं शतक म्हटलं असतं. पण एकट्या शिक्क्यावर विसंबू नका, तो नकलीही असतो. कप दिव्यासमोर धरा. पलीकडच्या बोटांची सावली दिसली, तर बोन चायना किंवा पोर्सिलेन. मातीच्या भांड्यातून ती दिसत नाही. मग कडेवरून, कानावरून बोट फिरवा. डागडुजी तिथेच सापडते. आणि सोनेरी काठ असेल तर कृपा करून डिशवॉशरमध्ये घालू नका. ते सोनं फार पातळ असतं, कोमट पाण्यात हातानेच धुवा.