गुळवेल: सत्त्व, अर्क की घन?

नौपाड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. जांभळी नाक्याजवळ काष्ठौषधींच्या दुकानात त्यांनी 'गुळवेल सत्त्व' मागितलं. दुकानदारानं 'गुळवेल अर्क 10:1' छापलेली गोळ्यांची बाटली पुढे केली. "एकच हो ताई, नाव वेगळं." खरंच एकच का?

छे! नाचणीचं सत्त्व कसं काढतात ते आठवा. भिजवायचं, वाटायचं, फडक्यातून गाळायचं, निवळलं की वरचं पाणी ओतून द्यायचं, तळाचा साका वाळवायचा. गुळवेलीचंही तेच: ओली कांडं ठेचून रात्रभर पाण्यात, सकाळी कुस्करून गाळणं आणि खाली बसलेली पांढरी भुकटी. म्हणजे मुख्यतः पिष्ट (स्टार्च). चिमूटभर बशीत घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, निळंकाळं होतं. कांडं चावलं तर तोंड कडूजहर; सत्त्वाला तो कडवटपणा फारसा उरत नाही, कारण कडू द्रव्यं बरीचशी ओतून दिलेल्या पाण्यात गेली. संस्कृत म्हणतं सत्त्व म्हणजे सार, मराठी स्वयंपाकघर म्हणतं तळाशी बसतं ते. इथे मी स्वयंपाकघराच्या बाजूनं. (सत् + त्व, म्हणून त दोनदा, पुड्यांवर सर्रास 'सत्व' असतं.)

'अर्क' ही भानगड वेगळी. संस्कृत अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईचं झाडही. औषधातला अर्क मात्र अरबी 'अरक'वरून आला, मूळ अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून थेंबथेंब पाझरणारं पाणी बघितलं की घाम का, ते कळतं. ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क, मद्यार्क: सगळे वाफेवाटे आलेले. 'काय अर्क आहे कार्टं!' म्हणतो तेव्हाही ही ऊर्ध्वपातनाची नळीच मनात असावी. पण गुळवेलीची कडू द्रव्यं वाफेबरोबर उडत नाहीत. बाटलीवरचा 'अर्क' म्हणजे 'एक्स्ट्रॅक्ट'चं घाईत केलेलं भाषांतर.

त्याला आपला शब्द आहे: घन. काढा आटवत आटवत कोरडा केला की घन. गुळवेलीच्या घनाचीच संशमनी वटी होते.

रबाळ्याला एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं हेच मोजत होतो. 10:1 म्हणजे दहा किलो वनस्पतीतून एक किलो घन मिळाला, एवढंच. त्यात कुठलं द्रव्य किती, हे ते गुणोत्तर सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी या, मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर नमुन्याचा आलेख शुद्ध द्रव्याच्या आलेखाशी ताडून पाहावा लागतो. हळदीच्या साध्या पुडीत कर्क्युमिन-वर्गाची द्रव्यं साधारण 2 ते 5 टक्के असतात आणि शुद्ध केलेल्या घनात 95 टक्क्यांपर्यंत जातात. दोन्हींवर 'हळद' लिहिता येतं!

आणि वेगळं काढलेलं एकटं द्रव्य? त्यालाही बाजारात जुनं नाव आहे: फूल. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलचे खडे, पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल. कापरासोबत ही दोन्ही एका बाटलीत घातली की तिन्ही स्थायू पदार्थ बघता बघता पाणी होतात, तीच अमृतधारा.

तर ताई, बाटली परत बघा. घन पाण्यात काढलाय की मद्यार्कात, आणि कुठल्या द्रव्याची टक्केवारी दिली आहे का, ते कळवा.