घामातून विष निघतं का?

प्रश्न : डॉक्टरताई, आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. हल्ली पहाटे प्लास्टिकचं जॅकेट घालून संभाजी तलावाकडे फिरायला जातात. ‘घामातून अंगातलं विष निघतं’ म्हणतात, पाणीही कमी पितात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, ते जॅकेट आजच काढून ठेवायला सांगा. विष निचरायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि थोडं मीठ. जॅकेटने उतरतं ते पाण्याचं वजन, तांब्याभर पाण्याने परत येतं.

घामाचं खरं मोल वेगळं आहे. लिटरभर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो, हवाच अंगापेक्षा तापलेली. तेव्हा शरीराला घामाचाच आधार. प्लास्टिकखाली तो वाळत नाही, नुसता निथळतो. शिवाय आपली हवा कोरडी, त्यामुळे किती घाम गेला ते कळतही नाही.

फिरणं मात्र सोडू देऊ नका. ते फार चांगलं आहे, सुती सदरा घालून जाऊ द्या. कामावर पाण्याची बाटली आणि मीठ घातलेलं ताक द्या. रक्तदाब असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. आणि उन्हाळ्यात कधी अंग भाजल्यासारखं तापलं, बोलणं असंबद्ध झालं, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत लगेच दवाखान्यात न्या.