उन्ना बूट : हा उन्ना कोण?

प्रश्न : शिरा फुगून पायावर झालेल्या जुनाट जखमेसाठी ‘उन्ना बूट’ बांधतात. हा उन्ना कोण? आणि पट्टीला बूट का म्हणायचं?

उत्तर : पाउल गेर्सन उन्ना (१८५०–१९२९) हे हाम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ. प्रबंध त्वचेच्या सूक्ष्म रचनेवर, पुढचं शिक्षण व्हिएन्नात हेब्रा आणि कापोसी या त्वचारोगतज्ज्ञांकडे. १८८१ मध्ये त्यांनी हाम्बुर्गला स्वतःचं खासगी त्वचारोग रुग्णालय काढलं. विद्यापीठाचं अध्यासन मात्र १९१९ मध्ये, म्हणजे जवळजवळ सत्तरीत मिळालं!

औषध ज्यात कालवायचं तो लेपही औषधाइतकाच महत्त्वाचा, हा त्यांचा आग्रह. बूट त्यातूनच आला. त्याच्या लेपाची एक रूढ कृती अशी : झिंक ऑक्साइड १५ भाग, जिलेटिन १५, ग्लिसरीन ३५, पाणी ३५. जिलेटिन आधी पाण्यात फुगवायचं, मग गरम पाण्यावर धरून विरघळवायचं. उकळू दिलं तर त्याची घट्ट होण्याची ताकद जाते. ग्लिसरीन कमी पडलं की वाळलेला थर तडकतो.

लेप सोसवेल इतपत कोमट झाला की ब्रशने पायाला लावतात, वर जाळीदार पट्टी, पुन्हा लेप, असे दोन-तीन थर. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, टाच झाकून. पाऊल नडगीशी काटकोनात हवं. खाली झुकलेलं असताना बांधलं तर चालताना घोट्यापुढे वळ्या पडून कातडी सोलवटते. वाळल्यावर बुटासारखं कवच होतं, म्हणून हे नाव. ते ताणलं जात नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाला पोटरी त्यावर दाबली जाते आणि साचलेलं रक्त वर ढकललं जातं. म्हणजे खरं काम चालण्याचं. रुग्ण झोपूनच राहिला तर बुटाचा फायदा निम्माही नाही. साधारण आठवड्याने तो बदलतात, स्राव जास्त असेल तर लवकर. धमनीतलाच रक्तपुरवठा कमी असेल तर मात्र बांधूच नये, बोटं काळी पडायची भीती असते. म्हणून पायाची नाडी आधी तपासतात.

प्रश्न : निव्हियाशी त्यांचा संबंध होता म्हणे?

उत्तर : होता, पण आडून. आयझॅक लिफशुट्झ या रसायनतज्ज्ञाने लोकरीच्या चरबीपासून पाणी धरून ठेवणारं ‘युसेरिट’ काढलं. उन्नांनी त्याची गाठ बायर्सडॉर्फ कंपनीचे मालक ऑस्कर ट्रॉप्लोविट्झ यांच्याशी घालून दिली. त्या युसेरिटवर बेतलेलं निव्हिया क्रीम बाजारात आलं १९११ मध्ये.