चित्रपटांपूर्वी बालगंधर्व किती वर्षे रंगभूमीवर होते, आणि जळगावशी त्यांचा संबंध काय?

१९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटामध्ये संत एकनाथांची भूमिका करण्यापूर्वी बालगंधर्व सुमारे तीस वर्षे रंगभूमीवर होते, कारण १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, तेथे शकुंतलेच्या भूमिकेपासून त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या आणि १९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्याआधी, लहानपणी, गाण्याचे पहिले धडे त्यांनी आपल्या जळगावातच मेहबूबखानांकडे घेतले. खानदेशकरांनी हे अभिमानाने सांगावे. मात्र ‘धर्मात्मा’तील भूमिका पुरुषाची असल्याने त्या चित्रपटावरून त्यांच्या रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांची कल्पना करू नये.