पोरी, ‘कळलं का?’ विचारू नकोस

प्रश्न : सिस्टर, मी गंगाखेड तालुक्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीपी-शुगरचं सगळ्यांना सारखंच, नीट समजावून सांगते. तरी पोरं हसतात, बाया घाईनं उठून जातात, म्हातारी माणसं नुसती मान डोलावतात. माझं चुकतंय कुठं?

उत्तर : ‘सगळ्यांना सारखंच’, इथंच चुकतंय बघ. बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका होते तेव्हा मीही अशीच पोपटपंची करायचे.

एक बाबा यायचे, सत्तरीचे. शुगर काही केल्या उतरेना. एकदा म्हटलं, गोळ्याच घेऊन या. पिशवी उलटी केली तर बीपीच्या गोळ्या संपलेल्या, शुगरच्या तशाच. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल आणि चष्मा मोडलेला. दर महिन्याला मी ‘कळलं का?’ विचारायचे, ते ‘हो’ म्हणायचे. चार माणसांत ‘नाही’ कोण म्हणेल? मग बीपीच्या पाकिटावर सूर्य काढला, शुगरच्या पाकिटावर भाकरी, कारण ती गोळी जेवणाबरोबरची. म्हटलं, “बाबा, घरी सूनबाईला काय सांगाल, तेच मला सांगा.” पहिल्यांदा उलटंच सांगितलं! दुसऱ्यांदा बरोबर.

पोरांना साठीतल्या कॅन्सरची भीती घालून उपयोग नाही. गुटखा खाणाऱ्याला म्हण, स्वतःची तीन बोटं उभी दातांत घालून दाखव. जात नसतील तर गुटख्यानं तोंड आखडायला लागलंय, हसू तिथंच थांबतं. त्याला तसाच दंतवैद्याकडं पाठव.

बायांचं मात्र वेळापत्रक बघ. तिशीपुढच्यांची तपासणी आपण करतो खरी, पण दसरा झाला की कोयत्यावरची, म्हणजे ऊसतोडीची बाई साखर कारखान्याला जाते, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत. तेव्हा तिला दसऱ्याआधीच गाठ, आणि गोळ्या चालू असतील तर पुढच्या महिन्यांच्या सोयीचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठेव. दिवसभर मोळ्या वाहणारीला ‘रोज फिरायला जा’ म्हणू नकोस, माझ्या तोंडावर हसल्यात बाया. लोहाची गोळी चहाबरोबर नको, एवढं सांग. आणि शौचाला काळं होतं हे आधीच सांग, नाहीतर घाबरून गोळ्या उकिरड्यावर जातात. मी पाहिल्यात, लाल लाल, पाकिटासकट.