नोटरीची परीक्षा नव्हे, मुलाखत

प्रश्न : आदरणीय ताई, मी उमरेडच्या कोर्टात आठ वर्षांपासून वकिली करते. नोटरी व्हायचं आहे. इंटरनेटवर नोटरी परीक्षेच्या सराव-प्रश्नपत्रिका दिसतात. त्या सोडवू का? कोणतं गाइड घेऊ? सीनियर म्हणतात, दहा वर्षं झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही. – एक वकील भगिनी, उमरेड

उत्तर : आधी सीनियरांचं पाहू. दहा वर्षांची अट सर्वसाधारण वकिलांसाठी आहे. महिला, तसंच अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातल्या वकिलांना सात वर्षं पुरतात. तुम्ही आजही पात्र आहात, उगाच थांबू नका.

त्या प्रश्नपत्रिका बहुतेक अमेरिकेच्या असतील. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्कमध्ये लेखी परीक्षा असते आणि तिथला नोटरी वकील असावाच लागत नाही. आपल्याकडे तसा पेपर नाही. केंद्राच्या नेमणुकीत मुलाखत मंडळ समोर बसवून कायद्याचं ज्ञान तपासतं. म्हणून गाइडवर पैसे घालू नका. नोटरी अधिनियम, १९५२ आणि नोटरी नियम, १९५६ मुळातून वाचा, दोन्ही मिळून काही पानांचेच आहेत. कलम ८ तर तोंडपाठ हवं : दस्त साक्षांकित करणं, शपथ देणं, भाषांतर करून ते पडताळणं, वचनचिठ्ठी किंवा हुंडी (पैसे देण्याचा लेखी आदेश) नाकारली गेली तर तिची नोंद आणि प्रोटेस्ट, म्हणजे ती नाकारल्याचा औपचारिक दाखला, करणं. हुंडीचा भाग बहुतेक जण गाळतात, कारण कोर्टात तो कधी हाताळलेलाच नसतो. तुम्ही गाळू नका.

माझा खरा आग्रह मात्र वेगळा आहे. शिक्का कशावर मारायचा नाही, हे पक्कं करून जा. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर रोज कुणीतरी म्हणतं, "मॅडम, प्लॉट घेतला, नोटरी करून द्या." शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे नोंदवावीच लागते, नोटरीने मालकी येत नाही. घरभाड्याचंही तसंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. लग्न आणि घटस्फोटाचे कागद तर साफ नाकारा. नोटरी म्हणजे विवाह अधिकारी नव्हे, हे केंद्राच्या विधी मंत्रालयाने २०२४ मध्ये पुन्हा लेखी बजावलं आहे. आयुष्यभराची कमाई घालून माणूस नुसता नोटरीचा कागद घेऊन घरी जातो, याचं मला फार वाईट वाटतं. त्याला समोर बसवून रजिस्ट्रीचा रस्ता दाखवणं हे नोटरीचंच काम आहे, असं मी मानते.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे सही करणारा समोर हवा. मुलगा म्हणतो, आई अंथरुणाला खिळली आहे, मुखत्यारपत्रावर अंगठा घरूनच आणला. अशा वेळी तुम्ही त्या माउलीकडे जा, तिच्याशी बोला, कागद तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा आणि मग अंगठा घ्या. नोटरीसमोर झालेल्या मुखत्यारपत्राला न्यायालय खरं धरून चालतं. म्हणूनच ही काळजी.

नियमांतले बारकावेही विचारले जाऊ शकतात. शिक्का गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, मुदत संपण्याआधी नूतनीकरण. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या कामाचं विवरण सरकारला पाठवायचं. रजिस्टर नमुना पंधराप्रमाणे. त्यात तारीख, पक्षकाराचं नाव-पत्ता, घेतलेली फी आणि पक्षकाराची सही येते.

हे रजिस्टर वाचून कळत नाही. उमरेडला किंवा नागपूरला एखादे जुने, नेटके नोटरी गाठा. काही दुपारी त्यांच्या टेबलाशी बसू द्या म्हणून विनंती करा आणि ते कुणाला परत पाठवतात, काय सांगून पाठवतात, ते वहीत टिपून घ्या. अर्ज मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका. सनद आणि वकिलीच्या वर्षांचे पुरावे याच आठवड्यात काढून ठेवा.