मुलाखतीत काहीतरी बोलला म्हणून खेळाडूला टीमबाहेर काढणं बरोबर आहे का? खेळ आणि बोलणं वेगळं नाही का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की २०१९ मध्ये हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुलला टीव्ही शोमध्ये बायकांबद्दल मारलेल्या गप्पांवरून ऑस्ट्रेलियातून परत पाठवलं तो अन्याय होता, मैदानात तर त्यांनी काही केलं नव्हतं, आणि अशाने पोरांची करिअर बरबाद होतात. हे शेवटचं वाक्य मी माझ्या स्वतःच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहायला बसलेच.

आधी तुमचंच उदाहरण घेऊ. शो लागला ६ जानेवारीला, ११ तारखेला दोघं सस्पेंड झाले, सिडनीची वनडे अगदी दुसऱ्या दिवशी होती. आणि २४ जानेवारीला सस्पेन्शन उठलं पण. दोन आठवडे सुद्धा नाही झाले. हार्दिक तिथून सरळ न्यूझीलंडला टीममध्ये गेला, राहुल इंडिया ए कडून खेळायला लागला. पुढे २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर कोणी टाकली हे शाळेतलं पोट्टंही सांगेल, राहुलने तर देशाची कॅप्टनशिप केली. मग बरबाद झालं कुठे?

मला त्या प्रकरणात राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. तेव्हा क्रिकेट बोर्डाचा कारभार कोर्टाने नेमलेल्या कमिटीकडे होता, विनोद राय आणि डायना एडुलजी. राय म्हणाले दोन वनडेची बंदी घालू, एडुलजी म्हणाल्या आधी कायदेशीर सल्ला घ्या, आणि मग चौकशी होईपर्यंत सस्पेन्शन असं ठरलं. आमच्या मैदानावरची पुरुष मंडळी तेव्हा पांड्याला सोडून एडुलजींनाच नावं ठेवून राहिली होती, म्हणे बाईने वाढवलं. ज्या बाईने स्वतः इंडियाची कॅप्टनशिप केली, तीही बायकांच्या क्रिकेटला कोणी विचारत नव्हतं त्या काळात, तिने हे प्रकरण गांभीर्याने घेतलं तर त्यात वाढवण्यासारखं काय होतं? मग एप्रिलमध्ये बोर्डाचे लोकपाल डी. के. जैन यांनी दोघांना वीस-वीस लाख दंड केला. प्रत्येकाचे त्यातले दहा लाख ड्युटीवर जीव गमावलेल्या दहा जवानांच्या कुटुंबांना एकेक लाख, आणि दहा लाख अंध क्रिकेटला. दोन्ही कामं चांगलीच आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बोलले होते बायकांबद्दल ना? मग त्यातला एक रुपया मुलींच्या क्रिकेटकडे का नाही वळला, हे मला कोणी आजपर्यंत समजावून सांगितलेलं नाही.

आता माझं सांगते, म्हणजे मी हे एवढं का लावून धरते ते कळेल.

मी नागपुरात लेदर बॉल खेळायचे, विकेटकीपर होते. पश्चिम नागपुरातल्या एका क्लबची मुलींची टीम होती आमची, नाव लिहीत नाही. माझा मोठा भाऊ त्याच क्लबच्या कमिटीवर होता, अजूनही आहे. आमच्याकडे एक लेफ्ट आर्म फास्ट बॉलर होती. तिचा आत येणारा बॉल मी तीन-चार सीझन ग्लव्ह्जमध्ये घेतलाय, हाताला माहिती आहे तो काय होता ते. मॅटिंगवर, म्हणजे चटईच्या पिचवर, तर तो असा काही उसळायचा की मी स्टंपपासून पार मागे जाऊन उभी राहायचे. हिंगण्याच्या पुढे राहायची, वडील कारखान्यात शिफ्टला. संध्याकाळी प्रॅक्टिस संपली की तिकडची बस मिळायची नाही, म्हणून आमचे सर तिला आणि त्याच रस्त्यावरच्या आणखी दोघींना आपल्या गाडीने आळीपाळीने सोडायचे. सर म्हणजे पन्नाशी उलटलेला माणूस, आम्हाला पोरीसारखं बघायचे, कोणाच्या घरी काही अडलं तर आधी सरांना फोन जायचा.

त्या वर्षी क्लबच्या मुलांनी एक लोकल टूर्नामेंट जिंकली. मुलांचा ओपनर भारी फॉर्मात होता, वयाने एकवीस-बावीस, पुढच्या कॅम्पला त्याचं नाव येणार अशी चर्चा. केबलवरच्या एका चॅनलने त्याची मुलाखत घेतली. त्या अँकरने सहज विचारलं की तुमच्या क्लबमध्ये मुलींची पण टीम आहे ना. तर हा हसला आणि म्हणाला, आहे ना, पण त्यात बॉलिंग कोणाले येते, ती लेफ्टी तर सरांच्या गाडीवर येऊन-जाऊन टीममध्ये आहे. अँकर पण हसला. आणि ती मुलाखत चॅनलने आठवडाभर लावली, सकाळ-संध्याकाळ.

नाव घेतलं नव्हतं त्याने. दादाचा पहिला मुद्दा हाच होता, की नाव कुठे घेतलं. अहो, त्या मैदानावर लेफ्ट आर्म फास्ट टाकणारी मुलगी एकच होती, आणि तिच्या गल्लीत पांढरे कपडे घालून किट घेऊन निघणारी पण एकच. दुकानात, नळावर, सगळीकडे तेच सुरू झालं. तिचे वडील काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. सरांच्या घरी काय झालं असेल ते तुम्हीच समजा. त्यांनी मुलींना सोडणं बंद केलं, मग मुलींची बॅचच सोडली. गाडी बंद झाली तशा त्या बाकीच्या दोघींचं येणं पण बंद. त्या सीझनला आम्ही अकरा जणी उभ्या करू शकलो नाही आणि टूर्नामेंटमधून नाव काढून घ्यावं लागलं. एका पोट्ट्याच्या एका वाक्यावर एक टीम संपली. तुम्ही विचारता खेळ आणि बोलणं वेगळं नाही का. कसं वेगळं?

मी कमिटीकडे गेले. रविवारी सकाळची मीटिंग, तर्री-पोहे मागवलेले, सगळे निवांत. मी तीन गोष्टी मागितल्या. त्याने त्याच चॅनलवर येऊन सांगायचं की मी जे बोललो ते खोटं होतं. तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर आणि तिच्या वडिलांसमोर माफी मागायची. आणि लीगच्या उरलेल्या मॅचेस बाहेर बसायचं. यातली एकही जास्त होती का सांगा. तर एक काका म्हणाले, "जाऊ दे नं बाई, तरणं पोट्टं आहे, तोंडातून निघून गेलं." आणि माझा सख्खा भाऊ मला सगळ्यांसमोर म्हणाला, "तू कायले एवढं डोक्यात घेऊन राहिली? कॅम्पच्या तोंडावर त्याच्या नावाले डाग लागला तर त्याचं करिअर कोण भरून देईन?" मी विचारलं, आणि तिचं? त्यावर कोणीच काही बोललं नाही, मिनिट्समध्ये लिहिलं की खेळाडूला समज देण्यात आली.

शेवटी आम्ही उरलेल्या मुली रोज किट घालून नेट्सच्या बाहेर उभ्या राहायला लागलो, आत जायचो नाही आणि घरी पण जायचो नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगायचो. तेव्हा कुठे कमिटीने त्याला दोन मॅच बसवलं आणि त्याने फेसबुकवर टाकलं, कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व. घरी कोणी गेलं नाही. चॅनलवर कोणी गेलं नाही. कॅम्पला त्याचं नाव आलं, दोन मॅचने काही अडलं नाही. ती मुलगी आज एका बँकेत आहे, छान चाललंय तिचं, पण मैदानात परत आली नाही.

म्हणून मला बंदी किती मॅचची यापेक्षा माफी कोणासमोर मागितली हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पाकिस्तानचा तेव्हाचा कॅप्टन सर्फराझ अहमद, हे पण २०१९ च्या जानेवारीतलंच, डर्बनच्या वनडेत साऊथ आफ्रिकेच्या फेलुक्वायोला वर्णावरून बोलला, स्टंप माइकवर सगळ्यांनी ऐकलं. त्याने काय केलं, स्वतः जाऊन फेलुक्वायोला भेटला, समोरासमोर माफी मागितली, त्यानेही मोठ्या मनाने हात मिळवला. आणि तरीही आयसीसीने चार मॅचची बंदी घातली. मला हे सगळ्यात बरोबर वाटतं. माफी त्या माणसाची, बंदी नियमाची. एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

आणि आपल्याकडे तर रिटायर झालेला माणूस बोलला तर बोर्ड हात झटकून मोकळं. युवराज सिंगने २०२० मध्ये इन्स्टाग्राम लाइव्हवर रोहित शर्माशी बोलताना बॉलर चहलबद्दल एक जातिवाचक शब्द वापरला. मग ट्विटरवर खेद व्यक्त केला. पुढे २०२१ मध्ये हरियाणात हांसीला अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, ऑक्टोबरमध्ये अटक आणि लगेच जामीन. ते सगळं एका दलित हक्क कार्यकर्त्याने तक्रार केली म्हणून झालं, क्रिकेटवाल्यांनी काही केलं नाही. दीक्षाभूमीच्या शहरात राहून सांगते, असले शब्द इथल्या मैदानांवरही मस्करी म्हणून फेकले जातात आणि ज्याला लागतात तो हसण्यात सामील होतो, कारण उद्या त्याला त्याच टीममध्ये खेळायचं असतं. तो हसला म्हणजे त्याला चाललं असं नाही.

बरं, ऐकणाऱ्यावर काय बीतते ते आपल्या नागपूरच्याच बुद्धिबळपटू दिव्या देशमुखने सांगितलंय. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये वाइक आन झीची स्पर्धा झाल्यावर तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की प्रेक्षक तिच्या चाली सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब यावर बोलत होते. अठरा वर्षांची होती तेव्हा. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्जियात बटुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला, फायनलमध्ये कोनेरू हम्पीला हरवून, आणि ग्रँडमास्टर झाली. दादाने मला त्या दिवशी फोन करून सांगितलं, बघ, खऱ्या खेळाडूला काही फरक पडत नाही. मी म्हटलं दादा, दिव्याने जे लिहिलंय ते वाच, फरक पडला म्हणूनच लिहिलं ना तिने. आणि वर्ल्ड कप जिंकली तीच तुला दिसते, न जिंकता घरी बसलेल्या दिसत नाहीत.

आता काही गोष्टी राहिल्या त्या सांगून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये म्हणाल की बाई सगळ्यांनाच फासावर चढवायला निघाली. अंपायरवर चिडणं आणि कोणाची जात, रंग, चारित्र्य काढणं हे एकाच मापाने मोजू नका. आपल्या महिला टीमची कॅप्टन हरमनप्रीतने २०२३ मध्ये ढाक्याला स्टंपवर बॅट मारली, अंपायरिंगवर बोलली, तिला पंचाहत्तर टक्के मॅच फीचा दंड आणि दोन मॅचची बंदी झाली, एशियन गेम्सच्या पहिल्या दोन मॅचेस बाहेर बसली आणि फायनल खेळली. ते तिथंच संपलं, २०२५ मध्ये तिच्याच हातात वर्ल्ड कप आला. तसंच वयाचं. इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन २०२१ मध्ये लॉर्ड्सवर पदार्पण करत होता आणि त्याच दिवशी त्याची अठरा ते वीस वर्षांचा असतानाची घाण ट्विट्स बाहेर आली. आठ मॅचची बंदी लागली, पण त्यातल्या पाच स्थगित ठेवल्या आणि तीन तो आधीच बाहेर बसला होता. हे मला पटतं. शिक्षा पूर्ण करा आणि मग परत घ्या. ग्रीसच्या पापाख्रिस्टूला २०१२ च्या ऑलिंपिकमधून आफ्रिकन लोकांवरच्या एका ट्विटसाठी घरीच ठेवलं, तीच २०१८ मध्ये तिहेरी उडीत युरोपची चॅम्पियन झाली. आणि आरोप नुसता ऐकीव असेल तर आधी चौकशी, हे मी पण मानते. आमच्या केसमध्ये तर चौकशीला काही नव्हतंच, आख्ख्या नागपूरने टीव्हीवर पाहिलं होतं.

तुम्ही कुठल्या क्लबशी किंवा शाळेच्या टीमशी जोडलेले असाल तर एवढं करा, असं काही झालं की मीटिंगला आधी ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला बोलवा, त्याला काय हवंय ते विचारा, आणि मगच खेळाडूच्या करिअरची काळजी करा. आमच्या कमिटीने तिला एकदाही बोलावलं नव्हतं.

दादा, तू हे वाचशील, कोणीतरी लिंक पाठवेलच. तू मागच्या दिवाळीत परत म्हणालास की तो आता सुधारला, त्याच्या अकॅडमीत मुलींची बॅच आहे, आता तरी सोड. बॅच आहे ते चांगलंच आहे, मला त्याचं वाईट व्हावं असं तेव्हाही वाटत नव्हतं. पण घर तेच आहे, हिंगण्याच्या पुढे, वडील रिटायर झालेत आणि दुपारी घरीच असतात. त्याला घेऊन जा. तू पण सोबत जा, मिनिट्सवर सही तुझीच होती.